पायडँटिक व्ही२ मध्ये डिक्ट आणि जेसन डेप्रिकेट झालं, आता काय? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायडँटिक ही पायथनची लायब्ररी: आलेला डेटा ठरवलेल्या मॉडेलप्रमाणे तपासते (व्हॅलिडेशन) आणि दुसऱ्या प्रोग्रामला पाठवता येईल अशा रूपात बाहेर काढते (सिरियलायझेशन). डॉट डिक्टने मॉडेलची डिक्शनरी मिळते, डॉट जेसनने जेसन मजकूर; डेप्रिकेट म्हणजे अजून चालतं, पण पुढे काढणार. पायथनमध्ये एपीआय लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा जुना प्रोजेक्ट अजून पायडँटिकच्या व्ही१ वर अडकलेला असतो, आणि कोणी ना कोणी तो व्ही२ वर न्यायला घेतला की तेच तेच प्रश्न सुरू होतात. ते सगळे इथे एकत्र टाकलेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही, पण आउटपुटवाला प्रश्न मात्र सोडू नका, खरी गोम तिथेच आहे.

थोडक्यात सांगा, झालंय काय?

पायडँटिक व्ही२ ३० जून २०२३ ला आलं. आतलं इंजिन पूर्ण नव्याने रस्ट या भाषेत लिहिलंय, पायडँटिक-कोअर नावाचं वेगळं पॅकेज आहे ते, आणि व्हॅलिडेशन आणि सिरियलायझेशन दोन्ही आता तिथे होतं. त्यासोबत नावंही बदलली: डॉट डिक्टचं मॉडेल_डम्प झालं, डॉट जेसनचं मॉडेल_डम्प_जेसन, पार्स_ओबीजेचं मॉडेल_व्हॅलिडेट, पार्स_रॉचं मॉडेल_व्हॅलिडेट_जेसन, कॉपीचं मॉडेल_कॉपी. आतला कॉन्फिग क्लास जाऊन मॉडेल_कॉन्फिग आलं. सेटिंग्ज वाचणारा बेससेटिंग्ज क्लास तर उचलून पायडँटिक-सेटिंग्ज या वेगळ्या पॅकेजमध्येच नेऊन ठेवलं. जुनी फंक्शनं डेप्रिकेटेड नावाच्या फोल्डरात हलवलीत, ती अजून चालतात पण व्ही३ मध्ये काढणार असं वॉर्निंगमध्येच लिहिलेलं असतं.

चांगली चालणारी नावं बदलायची काय हौस होती?

हौस नव्हती हो. तुमच्या मॉडेलमध्ये जेसन, कॉपी किंवा स्कीमा नावाचं फील्ड असेल तर व्ही१ मध्ये ते थेट लायब्ररीच्या मेथडवर जाऊन आदळायचं, आणि अशी फील्डनावं खऱ्या एपीआयमध्ये येतातच, स्कीमा तर हमखास. म्हणून सगळ्या मेथडना मॉडेल_ अशी पुढे जोड लावली म्हणजे तुमची नावं आणि लायब्ररीची नावं एकमेकांच्या पायात येणार नाहीत. कल्पना बरोबर होती, फक्त झालं असं की मशीन लर्निंगवाल्या मंडळींच्या प्रत्येक मॉडेलमध्ये मॉडेल_नेम आणि मॉडेल_आयडी अशीच फील्ड असतात, आणि त्यांना लगेच प्रोटेक्टेड नेमस्पेसच्या, म्हणजे राखीव नावांच्या, वॉर्निंग यायला लागल्या :) २.१० मध्ये तो नियम ढिला केला, आता खरोखर जी नावं टक्कर देतात तेवढ्यांवरच ओरडतं. त्याआधीच्या व्हर्जनवर असाल तर मॉडेल_कॉन्फिगमध्ये प्रोटेक्टेड_नेमस्पेसेस रिकामं ठेवून द्या, संपला विषय.

जुनं डॉट जेसन अजून चालतंय ना, मग बदलायची घाई कशाला?

चालतंय, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. व्ही२ मधलं डॉट जेसन म्हणजे फक्त जुनी पाटी आहे, आत जाऊन ते सरळ मॉडेल_डम्प_जेसनलाच हाक मारतं. म्हणजे नाव जुनं आणि आउटपुट नवं! बरेच लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं आपण कोडला हातच लावला नाही तर काहीच बदलणार नाही, आणि तिकडे लायब्ररी अपग्रेड झाल्या क्षणी बाहेर जाणारा डेटा बदललेला असतो.

वर अजून एक. व्ही१ मध्ये डॉट जेसनला इंडेंट, सॉर्ट_कीज, एन्श्युअर_आस्की असे जे काही आर्ग्युमेंट द्याल ते तसेच पायथनच्या जेसन डम्प्सकडे जायचे. व्ही२ मध्ये जुन्या नावाला ते दिले की टाइपएरर. एन्कोडर दिलं तरी टाइपएरर. इंडेंट नव्या मेथडमध्ये आहे, सॉर्ट_कीज नाहीये. ही एरर आली तर खरं तर बरंच समजा, निदान कळतं तरी.

आमच्याकडे तर एकही डेप्रिकेशन वॉर्निंग दिसत नाही, म्हणजे आम्ही सुटलो का?

नाही. पायडँटिकच्या या वॉर्निंग पायथनच्या डेप्रिकेशनवॉर्निंग या जातीच्या आहेत आणि पायथन त्या जातीच्या वॉर्निंग मेन स्क्रिप्ट सोडली तर बाकी सगळीकडे डिफॉल्टने गिळून टाकतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या येणारच नाहीत. टेस्ट चालवणारं पायटेस्ट मात्र दाखवतं, शेवटी पिवळ्या रंगात मोठा ढीग येतो जो आपण सगळे न वाचता वर स्क्रोल करतो. पायटेस्टच्या फिल्टरवॉर्निंग्जमध्ये पायडँटिकडेप्रिकेटेडसिन्स२० ला एरर म्हणून टाका, मग टेस्ट लाल होतील आणि कोणती ओळ ते पण कळेल. एकदम सगळं लाल झालं तर घाबरू नका, एक एक फोल्डर घेऊन करा.

पण एवढं करून काय मिळतं ते नीट समजून घ्या: ज्याची वॉर्निंग येते तो बहुतेक निव्वळ नावाचा बदल असतो, निरुपद्रवी. जे खरोखर अंगावर येतं त्याची वॉर्निंग येतच नाही.

बरं मग आउटपुटमध्ये न सांगता बदललेलं नेमकं काय आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक सगळ्यात शेवटी विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं डेसिमल, म्हणजे अचूक दशांश आकडा. व्ही१ मध्ये डेसिमल फील्ड जेसनमध्ये नंबर म्हणून जायचं, १२५०.५० असेल तर फ्लोट होऊन १२५०.५ जायचं. व्ही२ मध्ये ते स्ट्रिंग म्हणून जातं, कोट्समध्ये "१२५०.५०" असं. पैशांच्या दृष्टीने व्ही२ चं वागणं जास्त बरोबर आहे, फ्लोटमध्ये पैसे ठेवू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण पलीकडे अँड्रॉइड ॲप नंबरची वाट बघत बसलं असेल तर ते पार्स करताना कोसळणार, आणि पलीकडे जावास्क्रिप्ट असेल तर अजून वाईट, ते कोसळणारच नाही, १०० मध्ये ५० मिळवायला गेलात तर १००५० दाखवेल कारण दोन स्ट्रिंग नुसत्या जोडल्या गेल्या. बिलाच्या स्क्रीनवर असं दिसलं की फोन कोणाला येतो ते सांगायला नको.

दुसरं वेळ. यूटीसी टाइमझोनची डेटटाइम व्ही१ मध्ये शेवटी +००:०० लावून जायची, व्ही२ मध्ये त्या जागी झेड येतो. दोन्ही आयएसओला मान्य आहेत, अर्थ एकच. पण पलीकडची सर्व्हिस पायथन ३.१० किंवा त्याआधीची असेल आणि तिथे फ्रॉमआयएसओफॉरमॅट वापरलं असेल तर तिला झेड कळतच नाही, व्हॅल्यूएरर येते. तो झेड वाचायची अक्कल पायथनला ३.११ मध्ये आली. आपल्या भारतीय वेळेच्या +०५:३० ला काही होत नाही, म्हणून गंमत अशी की लोकलवर टेस्ट करताना सगळं ठीक दिसतं आणि सर्व्हर यूटीसीवर असतो तिथे फुटतं.

तिसरं टाइमडेल्टा, म्हणजे कालावधी. आधी सेकंद जायचे, ९० म्हणजे ९०.०. आता आयएसओच्या कालावधीच्या स्वरूपात स्ट्रिंग जाते, पी आणि टी ने सुरू होणारी ती विचित्र दिसणारी. कॉन्फिगमध्ये सेर_जेसन_टाइमडेल्टा ला फ्लोट केलं की जुनं वागणं परत येतं. हे एक त्यांनी चांगलं केलं.

चौथं, नॅन (हा आकडाच नाही असं सांगणारी व्हॅल्यू) आणि इन्फिनिटी. व्ही१ जेसनमध्ये चक्क नॅन असं लिहायचं, जे खरं तर जेसनच्या नियमात बसत नाही आणि ब्राउझर त्यावर चिडतो. व्ही२ तिथे नल टाकतं. सेन्सर किंवा शेअर मार्केटचा डेटा असेल तर नॅन आणि "व्हॅल्यूच नव्हती" यातला फरक पुसला जातो, तेवढं बघा.

पाचवं यूआरएल. व्ही२ मधले यूआरएलचे टाइप आता साधी स्ट्रिंग राहिलेले नाहीत, त्यामुळे मॉडेल_डम्प करून मिळालेली डिक्शनरी थेट जेसन डम्प्सला दिली की बोंबलतं. शिवाय नुसता डोमेन दिला असेल तर शेवटी स्लॅश चिकटवून देतं. कॉलबॅक यूआरएल अक्षरन् अक्षर जुळवणारी सिस्टीम पलीकडे असेल, ओऑथमध्ये असतेच, तर तेवढ्या एका स्लॅशने लॉगिन बंद पडू शकतं.

आणि सहावं म्हणजे मोकळ्या जागा. व्ही१ चं जेसन पायथनच्या नेहमीच्या पद्धतीने स्वल्पविराम आणि कोलननंतर एक स्पेस सोडायचं, व्ही२ एकदम घट्ट लिहितं. कोणाला काय फरक पडतो असं वाटेल, पुढचा प्रश्न वाचा.

स्पेस गेल्याने खरंच काही बिघडतं का?

जेसन पार्स करणाऱ्याला शून्य फरक. पण जो त्या स्ट्रिंगचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढतो त्याला पडतो! वेबहुकची (दुसऱ्या सर्व्हरला आपोआप जाणाऱ्या मेसेजची) सही म्हणून बॉडीचा एचमॅक काढत असाल, कॅशेची की म्हणून मॉडेलच्या जेसनचा एमडीफाइव्ह वापरत असाल, किंवा रेकॉर्ड बदललं की नाही हे जुन्या आणि नव्या स्ट्रिंगची तुलना करून ठरवत असाल, तर अपग्रेडच्या दिवशी प्रत्येक रेकॉर्ड बदललेलं दिसेल आणि कॅशे पूर्ण थंड पडेल. डेटाबेसवर अचानक लोड का आला याचं कारण शोधायला मग अर्धा दिवस जातो.

जुना आकार हवाच असेल तर मॉडेल_डम्पला मोड जेसन सांगून डिक्शनरी घ्या आणि ती पायथनच्या जेसन डम्प्समधून काढा, स्पेस परत येतील, सॉर्ट_कीज पण मिळेल. पण लक्षात घ्या, डेसिमलची स्ट्रिंग आणि झेड तसेच राहणार, ते पायडँटिकच्या पायरीवरच ठरलेलं असतं.

माझं मत विचाराल तर सही किंवा हॅश कधीच लायब्ररीच्या डिफॉल्ट आउटपुटवर काढू नये, स्वतःचं एक ठरावीक रूप पक्कं करून त्यावर काढावी. पण हे सांगायला सोपं आहे, जुन्या कोडमध्ये ते कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

मराठी मजकूर असेल तर काही वेगळं होतं का?

होतं, आणि हे इंग्रजी गाइडमध्ये कोणी फारसं लिहीत नाही कारण त्यांना कधी लागतच नाही. व्ही१ मध्ये पायथनचं डिफॉल्ट लागू व्हायचं, म्हणजे आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांपलीकडचं) प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश, यू आणि चार आकडे अशा एस्केपमध्ये जायचं. "पुणे" लिहिलं तर चार कॅरेक्टर (प, उकार, ण, मात्रा) आणि प्रत्येकाचे सहा बाइट, झाले २४. व्ही२ सरळ यूटीएफ-८ लिहितं, देवनागरीचं एक कॅरेक्टर तीन बाइटचं, म्हणजे १२. मजकूर निम्म्यावर आला आणि लॉगमध्ये डोळ्यांनी वाचताही येतो. बातम्या, फॉर्म, पत्ते असं देवनागरी भरपूर असलेल्या सिस्टीमला हा चक्क फायदा आहे.

आता तोटा. एस्केप केलेला मजकूर निव्वळ आस्की असल्यामुळे मधल्या सगळ्या जुनाट गोष्टी झाकल्या जायच्या. विंडोजवर एन्कोडिंग न सांगता फाइल उघडून त्यात जेसन लिहिणारा कोड व्ही१ मध्ये वर्षानुवर्षं चाललेला असतो, व्ही२ ला आला की चारमॅपची युनिकोडएन्कोडएरर. डेटाबेसचा कॉलम लॅटिन कॅरेक्टर सेटचा असेल तर तिथे सगळी प्रश्नचिन्हं साठतात, आणि ते तर एररही देत नाही बऱ्याचदा. उपाय साधा आहे, फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा आणि कॉलम तपासा. पलीकडचं खरंच आस्कीशिवाय घेत नसेल तर पायडँटिक २.१२ पासून मॉडेल_डम्प_जेसनला एन्श्युअर_आस्की देता येतं.

सबक्लासची काही फील्ड आउटपुटमधून गायबच झाली, बग आहे का?

बग नाही, मुद्दाम केलंय. समजा एका मॉडेलमध्ये फील्डचा टाइप यूजर आहे आणि तुम्ही त्यात यूजरलॉगिन हा सबक्लास ठेवला ज्यात पासवर्ड पण आहे. व्ही१ आतल्या ऑब्जेक्टची सगळी फील्ड बाहेर काढायचं, पासवर्डसकट. व्ही२ फील्डवर जो टाइप लिहिलाय तेवढीच फील्ड काढतं. सुरक्षेच्या दृष्टीने हेच योग्य, पण पेमेंटचा बेस क्लास आणि त्याखाली यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग असे सबक्लास ठेवणाऱ्यांचा डेटा गुपचूप कापला जातो. तिथे फील्डला सिरियलाइझॲजएनी लावा, किंवा शक्य असेल तर सरळ युनियन (यापैकी कोणताही एक टाइप) लिहून वेगळेपणा सांगणारं एक फील्ड ठेवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण वाचतानाही तोच उपयोगी पडतो.

डेटाबेसमध्ये आधीपासून पडलेलं जेसन नव्या व्हर्जनला वाचता येईल ना?

बहुतेक येईल, पण व्ही१ सढळ होतं आणि व्ही२ काटेकोर आहे. ऑप्शनल लिहिलं की व्ही१ स्वतःच डिफॉल्ट नन धरायचं, व्ही२ मध्ये तसं नाही, डिफॉल्ट लिहिला नसेल तर ते फील्ड आवश्यक. त्यामुळे जुन्या रेकॉर्डमध्ये जे फील्डच नव्हतं तिथे व्हॅलिडेशनएरर. स्ट्रिंग फील्डमध्ये आकडा आला तर व्ही१ निमूटपणे स्ट्रिंग करायचं. व्ही२ नाही म्हणतं. पिनकोड आणि मोबाईल नंबर हे याचे हुकमी बळी, एक्सेलमधून आलेला डेटा असेल तर तिथे ४११०३० हा नंबरच असतो. कॉन्फिगमध्ये कोअर्स_नंबर्स_टू_स्ट्र चालू करता येतं. इंट फील्डमध्ये १०.५ आलं तर व्ही१ अर्धा गिळून १० करायचं, व्ही२ एरर देतं, आणि यासाठी मी तरी त्याचे आभारच मानेन.

युनियनचं जरा फसवं आहे. इंट किंवा स्ट्रिंग असं लिहिलं असेल आणि "१२३" ही स्ट्रिंग आली तर व्ही१ डावीकडून पहिला जमेल तो टाइप घ्यायचं, म्हणजे इंट. व्ही२ ला दिसतं की ही आधीच स्ट्रिंग आहे, ते स्ट्रिंगच ठेवतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त पुढे कुठेतरी तुलना चुकते.

जेसन_एन्कोडर्स गेलं म्हणतात, खरं का?

काढायचंच ठरलं होतं, पण त्याच्या जागी तंतोतंत बसेल असं काही नव्हतं म्हणून ठेवलंय. डेप्रिकेटेड आहेच. नवीन कोडमध्ये फील्ड_सिरियलायझर किंवा ॲनोटेटेडसोबत प्लेनसिरियलायझर वापरा. एक खाच सांगून ठेवतो: जेसन_एन्कोडर्स फक्त जेसन काढताना लागू व्हायचं, डॉट डिक्टला त्याचा पत्ताच नसायचा. फील्ड_सिरियलायझर मात्र डिफॉल्टने दोन्हीकडे लागू होतो. म्हणजे तुम्ही तारखेसाठी सिरियलायझर लिहिला आणि दुसरीकडे कोणीतरी मॉडेल_डम्प करून ती डिक्शनरी ओआरएमला (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीला) देत असेल तर त्याला तारखेऐवजी आता स्ट्रिंग मिळणार. व्हेन_यूज्ड ला जेसन द्या, हे टळतं.

मॉडेल_डम्पमधला मोड जेसन म्हणजे काय भानगड?

व्ही१ मध्ये लोक डॉट जेसन करायचे आणि लगेच लोड्स करून परत डिक्शनरी बनवायचे, कारण डेटटाइम, यूयूआयडी वगैरे साध्या रूपात हवे असायचे. ती सर्कस आता नको. मोड जेसन दिलं की डिक्शनरीच मिळते पण आत सगळं जेसनला चालेल असं असतं. मोड नाही दिला तर खरे पायथन ऑब्जेक्ट मिळतात.

रूट मॉडेल?

नावाची फील्ड नसून नुसती लिस्ट वगैरे असलेल्या मॉडेलसाठीचं दोन अंडरस्कोरवालं रूट गेलं, आता रूटमॉडेल. व्ही१ चं डॉट डिक्ट रूट ही की ठेवून द्यायचं, नवीन मॉडेल_डम्प थेट लिस्टच देतं. ती की काढून टाकणारी ओळ तुमच्या कोडमध्ये असेल, ती शोधून उडवा.

सरळ फाइंड-रिप्लेस मारलं तर?

डॉट जेसन ही मेथड रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या रिस्पॉन्सवर पण असते. डॉट कॉपी डिक्शनरीवर असते, लिस्टवर असते, पांडाज डेटाफ्रेमवर असते. आंधळेपणाने बदललंत तर पायडँटिकचा काही संबंध नाही अशा फाइली मोडून ठेवाल. बम्प-पायडँटिक नावाचं टूल त्यांच्याच संस्थेने काढलंय, ते कॉन्फिग, ऑप्शनलचे डिफॉल्ट, व्हॅलिडेटरचे डेकोरेटर, इंपोर्ट असं बरंच बदलून देतं, आधी डिफ बघून मग लावा. उरलेल्या डॉट डिक्ट आणि डॉट जेसनसाठी टाइप चेकर आणि एडिटर कामी येतात, जुन्या मेथडवर डेप्रिकेटेडची खूण लावलेली असल्यामुळे व्हीएस कोडसारखा एडिटर त्यावर आडवी रेघ मारून दाखवतो.

पायडँटिक डॉट व्ही१ मधून इंपोर्ट केलं की काम झालं ना?

वेळ मारून नेण्यासाठी उत्तम सोय आहे. व्ही२ इन्स्टॉल करा आणि इंपोर्टमध्ये पायडँटिक डॉट व्ही१ लिहा, आत जुनी लायब्ररी आख्खी बसवलेली आहे, आउटपुट पण जुनंच. १.१०.१७ पासून हीच वाट जुन्या पॅकेजमध्येही दिलीय, त्यामुळे तोच इंपोर्ट दोन्ही व्हर्जनवर चालतो, लायब्ररी लिहिणाऱ्यांना हे फार सोयीचं.

पण दोन अटी आहेत. व्ही२ च्या मॉडेलमध्ये फील्ड म्हणून व्ही१ चं मॉडेल घालू नका, ती सरमिसळ चालत नाही. म्हणजे मॉडेलच्या झाडाचा एक अख्खा तुकडा एका वेळी हलवावा लागतो, पानं एक एक तोडून जमत नाही. आणि दुसरं, पायथन ३.१४ वर हा व्ही१ चा भाग चालत नाही, ते त्यांनी स्पष्ट सांगितलंय. ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये आलंय, म्हणजे हा उधारीचा वेळ कुठपर्यंत आहे ते तुमच्या पायथन अपग्रेडवर ठरतं.

रेडिस कॅशेमध्ये मॉडेल पिकल करून (पायथन ऑब्जेक्ट तसाच्या तसा साठवून) ठेवलेत, ते?

फेकून द्या. कॅशेच आहे ना ते? ऑब्जेक्टची आतली मांडणी बदललीय, व्ही१ चा पिकल व्ही२ मध्ये उचलायचा भरवसा धरू नका. कॅशेच्या की ला नवीन व्हर्जनचा आकडा जोडा म्हणजे जुनं आपोआप मरेल. आणि जर ते कॅशे नसून एकमेव प्रत असेल तर आधी जुन्या व्हर्जनवर उघडून जेसनमध्ये काढून ठेवा, अपग्रेड त्यानंतर.

बाकीच्या लायब्रऱ्यांनी असं काही केलंय का, की यांनाच खाज होती?

सगळ्यांनाच करावं लागतं. पांडाजने डेटा मेसेजपॅक फॉरमॅटमध्ये साठवणारं टू_मेसेजपॅक ०.२५ मध्ये, म्हणजे जुलै २०१९ ला डेप्रिकेट केलं आणि जानेवारी २०२० च्या १.० मध्ये काढूनही टाकलं, जेमतेम सहा महिने. ज्यांच्या फाइली त्या फॉरमॅटमध्ये होत्या त्यांना जुनं पांडाज वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवून त्या बदलून घ्याव्या लागल्या. सायकिट-लर्नने आत भरलेली जॉबलिब (मॉडेलं फाइलीत साठवणारी लायब्ररी) ०.२१ मध्ये डेप्रिकेट करून ०.२३ मध्ये काढून टाकली, आणि तिथे वेगळाच धडा मिळाला: पिकल फाइलमध्ये मॉड्यूलचा पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे मॉड्यूल हललं की इंपोर्ट सुधारूनही जुनी साठवलेली मॉडेलं उघडेनात. कोडची जागा बदलणं म्हणजे नुसती आवराआवर असं वाटतं, पण ज्याचा पत्ता डेटामध्ये लिहिला गेलाय त्याची जागा बदलणं म्हणजे फॉरमॅटच बदलणं.

सगळ्यात सावकाश केलं ते डॉटनेटवाल्यांनी. बायनरीफॉरमॅटर हा ऑब्जेक्ट साठवायचा-उघडायचा प्रकार असुरक्षित आहे, अनोळखी डेटा उघडला तर हल्लेखोराचा कोड चालू शकतो. नोव्हेंबर २०२० च्या डॉटनेट ५ मध्ये वॉर्निंग दिली, ७ मध्ये त्या वॉर्निंगची कंपाइल एरर केली, ८ मध्ये बहुतेक प्रकारच्या प्रोजेक्टमध्ये डिफॉल्टने बंद, आणि नोव्हेंबर २०२४ च्या ९ मध्ये आतला कोडच काढला, आता हाक मारली की एक्सेप्शन. शिवाय जुन्या फाइली सुरक्षितपणे नुसत्या वाचण्यासाठी वेगळं पॅकेज दिलं. चार वर्षं आणि दरवेळी थोडा थोडा आवाज वाढवत. पायटॉर्चने तसंच लोडचं वेट्स_ओन्ली (फाइलीतून फक्त मॉडेलचे आकडे वाचायचे) हे डिफॉल्ट आधी वॉर्निंग देऊन मग जानेवारी २०२५ च्या २.६ मध्ये बदललं.

आमची स्वतःची छोटी इंटर्नल लायब्ररी आहे, त्यातलं सिरियलायझेशन नीट लावायचंय. काय करू?

पायडँटिकने जे चांगलं केलं ते घ्या: जुनं नाव ठेवा, त्यातून नव्याला हाक मारा, वॉर्निंगसाठी स्वतःचा क्लास बनवा म्हणजे वापरणाऱ्याला तेवढीच गाळता किंवा एरर करता येते, मेसेजमध्ये नवीन नाव आणि कोणत्या व्हर्जनला जाणार ते लिहा, आणि स्टॅकलेव्हल नीट द्या नाहीतर वॉर्निंग तुमच्याच लायब्ररीची ओळ दाखवत बसते. फाइली हलवल्या तर जुन्या पत्त्यावर पुन्हा इंपोर्ट करणारी एक पोकळ फाइल ठेवून द्या.

आणि जे त्यांना करता आलं नाही ते तुम्ही करा, तुमचे वापरणारे मोजके आहेत: नाव बदलणं आणि आउटपुट बदलणं एकाच रिलीजमध्ये घुसवू नका. पहिल्या रिलीजमध्ये नवीन नावं, आउटपुट बाइट न बाइट तेच. पुढच्या रिलीजमध्ये आउटपुट बदला, ते पण फ्लॅगच्या मागे. म्हणजे काही फुटलं तर कशामुळे फुटलं हा प्रश्नच उरत नाही.

कमीत कमी त्रासात करायचं तर कुठून सुरुवात?

कोडपासून नाही, डेटापासून. व्ही१ वर असतानाच प्रत्येक मॉडेलचे खरे नमुने घ्या, त्यात यूटीसीची वेळ, डेसिमल, मराठी मजकूर, रिकामी फील्ड, सबक्लास असं सगळं असू द्या, आणि त्यांचं जेसन फाइलीत साठवून रेपोमध्ये टाका, नावं-नंबर मात्र बनावट करून, ग्राहकांचे खरे पत्ते रेपोत नकोत. मग व्ही२ च्या ब्रांचवर तेच नमुने काढून आधी स्ट्रिंग म्हणून आणि मग पार्स करून असं दोनदा तुलना करा. फक्त स्ट्रिंग वेगळी असेल तर तो स्पेस किंवा एस्केपचा फरक, हॅश काढणाऱ्या जागा शोधा. पार्स करूनही वेगळं असेल तर तो पलीकडच्या टीमशी बोलायचा विषय, आणि ते बोलणं तारीख ठरायच्या आधी झालं पाहिजे कारण मोबाईल ॲपचं नवीन व्हर्जन लोकांच्या फोनवर पोचायला वेळ लागतो.

उलट दिशेची तपासणी पण करा, साठवलेलं जुनं जेसन मॉडेल_व्हॅलिडेट_जेसनमधून जातंय का. प्रॉडक्शनच्या डेटाबेसच्या कॉपीवर एक रात्र स्क्रिप्ट चालवून ठेवली तर ऑप्शनल आणि पिनकोडवाली सगळी भुतं सकाळी यादीत बसलेली दिसतात.

फास्टएपीआय (पायडँटिकवर उभं असलेलं एपीआय फ्रेमवर्क) वापरतोय, वेगळं काही?

०.१०० पासून व्ही२ चालतं. त्याआधीचं असेल तर आधी ते व्ही१ अजून चालणाऱ्या व्हर्जनपर्यंत वर घ्या (अगदी नव्या फास्टएपीआयने व्ही१ चा आधार काढलाय), व्ही१ वरच राहून, आणि ते स्थिर झालं की मगच पायडँटिकला हात लावा. दोन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये केलंत तर रिव्ह्यू करणारा तुम्हाला चहाला विचारणार नाही.